लाइट गेली तरी घरभर चालणारा, जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर

तुमचा प्रश्न मला असा समजला. चोपड्याला खाली कृषी सेवा केंद्र, वर दोघा भावांची घरं आणि सगळ्यांत मिळून एकच फायबर कनेक्शन. मुलांच्या मोबाईलवरच्या आणि टीव्हीवरच्या जाहिरातींना कंटाळून तुम्ही जुन्या लॅपटॉपवर उबंटू सर्व्हर (लिनक्स) टाकला आणि त्यावर पाय-होल (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा, म्हणजे डीएनएसचं काम करणारा आणि जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम) बसवलं. सुरुवातीला छान चाललं. आता मात्र लाइट जाऊन आली की नेट असून नसल्यासारखं होतं, भावाच्या फोनवर जाहिराती तशाच येतात, दुकानातलं खतविक्री नोंदवणारं पॉस मशीन मध्येच अडकतं आणि यूट्यूबवर तर पहिल्यापासूनच काही फरक नाही. म्हणून विचारताय की पाय-होल काढून त्याच कामाचं अ‍ॅडगार्ड होम टाकू का.

नका टाकू. निदान या कारणांसाठी तरी नको. प्रोग्रॅम दोन्ही चांगले आहेत. अ‍ॅडगार्ड होम एकाच फाइलीत येतं आणि वरच्या (बाहेरच्या) डीएनएसशी कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) बोलण्याची सोय त्यात आधीपासून असते. पाय-होलच्या पोटात डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्रॅम आहे, आणि पाय-होलची नोंदवही (कोणी कोणतं नाव विचारलं त्याची) मला वाचायला सोपी जाते. पण तुमच्या चार तक्रारींपैकी एकीचंही मूळ पाय-होलमध्ये नाही. प्रोग्रॅम बदललात तर दोन दिवस मेहनत करून त्याच चार तक्रारी परत घेऊन बसाल.

यूट्यूबचं आधी उरकून टाकू. हा सर्व्हर फक्त नावं बघतो. फोन विचारतो, 'अमुक नावाचा पत्ता काय?' नाव जाहिरातवाल्यांच्या यादीत असेल तर सर्व्हर खरा पत्ता द्यायच्या ऐवजी सगळी शून्यं देतो, म्हणजे ०.०.०.०, आणि जाहिरात उघडतच नाही. पण यूट्यूबची जाहिरात आणि यूट्यूबचा व्हिडिओ एकाच घराण्याच्या नावांवरून येतात. नाव अडवलं तर व्हिडिओही बंद. फेसबुक, इन्स्टाग्राम यांचंही तसंच. 'या यादीने यूट्यूबच्या जाहिराती जातात' असं कोणी सांगितलं तर वेळ घालवू नका. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन टाका. ते पानाच्या आत शिरून काम करतं, म्हणून त्याला जमतं. टीव्हीवरच्या यूट्यूबला या मार्गाने इलाज नाही.

उरलेल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राने नाव विचारायला या एकाच लॅपटॉपकडे जावं, दुसरीकडे कुठे वाटच नसावी, तरच जाहिराती अडतात. आणि वाट एकच ठेवली की तो लॅपटॉप एक मिनिट जरी बंद पडला तरी सगळं घर थांबतं. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या, हेच खरं काम आहे. बसवणं तर कोणत्याही व्हिडिओत बघून अर्ध्या तासात होतं.

लाइट

खान्देशात हा विषय पहिल्या पानावर हवा, आणि जाहिराती अडवायच्या बहुतेक मार्गदर्शकांत तो कुठेच नसतो. जळगाव-धुळ्याकडे मी ज्यांच्या घरी आणि दुकानात हे बसवून देतो, तिथे पहिला प्रश्न इन्व्हर्टरचा विचारतो. राऊटर इन्व्हर्टरवर आहे का? डीएनएसची पेटी (तुमच्याकडे तो लॅपटॉप) त्याच लाइनवर आहे का? मध्ये एखादा स्विच असेल तर तो? पुष्कळ घरांत राऊटर इन्व्हर्टरवर असतो आणि ही पेटी साध्या बोर्डावर. मग लाइट गेली की वाय-फायची खूण पूर्ण दिसते, पण एकही साइट उघडत नाही. घरातली आजी विचारते, 'नेट काब्र बंद शे?' आणि तुमच्याकडे उत्तर नसतं, कारण राऊटरचे सगळे दिवे हिरवे असतात.

तुमच्या बाबतीत लाइट आल्यावरही अडतंय, म्हणून तीन गोष्टी याच क्रमाने तपासा.

पहिली, लॅपटॉप खरंच चालू झाला का? जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. लाइट गेली की तो बंद होतो आणि आल्यावर कोणी बटण दाबेपर्यंत तसाच पडून राहतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये चार्जरला वीज आली की आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. नसेल तर नवी बॅटरी टाका, मग लॅपटॉपचा यूपीएस लॅपटॉपच्या पोटातच झाला. झाकण मिटल्यावर तो झोपू नये यासाठी उबंटूतल्या लॉगिनडी या सेवेच्या कॉन्फिग फाइलीत झाकणाच्या स्विचकडे दुर्लक्ष करायची ओळ घालावी लागते, तेही बघून घ्या.

दुसरी, त्याचा पत्ता तोच राहिला का? राऊटरने वाटलेल्या पत्त्यावर सर्व्हर चालवला की राऊटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो. काल तो १९२.१६८.१.१० होता, आज १९२.१६८.१.१४ झाला, आणि घरभरचे फोन १० लाच विचारत बसले. राऊटरमध्ये लॅपटॉपच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) घालून नंबर राखून ठेवा, किंवा उबंटूतच पत्ता पक्का करा. लॅपटॉप वाय-फायवर ठेवू नका, केबलने जोडा. केबल आणि वाय-फाय यांचे मॅक पत्ते वेगळे असतात, राखून ठेवताना केबलचा घ्या.

तिसरी म्हणजे घड्याळ, आणि याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. तुम्ही सोबत अनबाउंडही (स्वतः उत्तर शोधून आणणारा डीएनएस प्रोग्रॅम) बसवलंय असं लिहिलंत. अनबाउंड सहसा डीएनएससेकच्या (उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या) सह्या तपासतं, आणि त्या सह्यांना 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉपच्या मदरबोर्डावरची बटण-बॅटरी संपली असेल तर वीज पूर्ण गेल्यावर त्याची तारीख मागे पडते. मग सगळ्या सह्या चुकीच्या ठरतात आणि अनबाउंड प्रत्येक उत्तर नाकारतं. वेळ दुरुस्त करायला लॅपटॉप इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडे जातो, पण त्या सर्व्हरचं नाव विचारायला त्याला डीएनएस लागतं, आणि डीएनएस चालायला बरोबर वेळ लागते. झाली कोंडी! रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत तर घड्याळाची चिपच नाही. पाय ५ मध्ये आहे, पण तिची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. उपाय स्वस्त आहे. सीआर२०३२ सेल बदला (काही लॅपटॉपांत तो वायर लावलेला येतो, जुना काढून दुकानात दाखवा), आणि वेळेच्या सर्व्हरच्या नावासोबत त्याचा एखादा आकडी पत्ताही कॉन्फिगमध्ये घालून ठेवा.

या तिघांपैकी नेमकं काय झालंय ते ओळखायची सोपी रीत आहे. नेट अडलं की दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांडच्या खिडकीत एनएसलुकअप लिहा, पुढे कुठल्याही साइटचं नाव आणि त्यापुढे लॅपटॉपचा पत्ता. वाट बघून 'टाइम आउट' आलं तर लॅपटॉप बंद आहे किंवा पत्ता बदललाय. लगेच 'सर्व्हर फेल्ड' आलं तर लॅपटॉप जिवंत आहे, त्यालाच वरून धड उत्तर मिळत नाही. तेव्हा घड्याळ बघा.

अनबाउंडबद्दल माझं मत विचाराल तर सध्या ते काढून ठेवा. ते थेट रूट सर्व्हरपासून (नावांच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून) उतरत उत्तर शोधतं, त्यामुळे एकाच कंपनीकडे तुम्ही उघडलेल्या साइटची सगळी यादी जमा होत नाही, हा फायदा खरा. पण नवी साइट पहिल्यांदा उघडताना ते जरा रेंगाळतं, आणि बिघडू शकेल असा आणखी एक भाग वाढतो. आधी ९.९.९.९ किंवा १.१.१.१ हे बाहेरचे डीएनएस वरच्या बाजूला लावून घर स्थिर करा, अनबाउंडची हौस नंतर.

पोर्ट ५३ (डीएनएसचे प्रश्न येतात ते दार) 'वापरात आहे' म्हणून तुम्ही व्हिडिओ बघून सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड ही उबंटूची नावं शोधणारी सेवा काढून टाकली, त्याचाही एक परिणाम झालाय. उबंटूत ही सेवा १२७.०.०.५३ या पत्त्यावर ५३ नंबरचं पोर्ट धरून बसते, म्हणून भांडण होतं. पण ती उपटून काढली की लॅपटॉप स्वतः नाव कोणाला विचारणार तेच ठरलेलं नसतं, आणि उबंटूचे अपडेट अडतात असं लिहिलंत ते त्यामुळेच. ती सेवा परत टाका, तिच्या कॉन्फिग फाइलीत फक्त 'डीएनएस स्टब लिसनर' ची ओळ 'नो' करा, आणि ईटीसीमधली रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल तिच्या खऱ्या फाइलीला जोडा. मी तर लॅपटॉपला स्वतःच्या कामासाठी पाय-होलऐवजी बाहेरचाच डीएनएस देतो. पाय-होल आडवं झालं तरी लॅपटॉपला अपडेट आणि वेळ मिळत राहते.

भावाचा फोन

इथे थोडं तुमच्या राऊटरवर अवलंबून आहे, आणि त्याचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून शक्यता सांगतो.

राऊटरच्या डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटण्याच्या) पानावर दुसऱ्या डीएनएसच्या जागी गुगलचा ८.८.८.८ भरलाय का? बहुतेक जण 'पहिला बंद पडला तर दुसरा' म्हणून भरतात. पण यंत्रं तसं मानतीलच असं नाही. कोणी पहिल्याला विचारतं, कोणी दोघांना, कोणी ज्याचं उत्तर लवकर येईल त्यालाच धरून बसतं. म्हणजे जाहिराती कधी जाणार, कधी येणार, आणि तुम्ही उगाच याद्या बदलत बसणार. दुसरी जागा रिकामी ठेवा. काही राऊटर रिकामी ठेवू देत नाहीत, तिथे तोच लॅपटॉपचा पत्ता पुन्हा भरा.

दुसरी शक्यता आयपीव्ही ६ ची (इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पद्धत), आणि भावाच्या फोनबद्दल माझा पहिला संशय इथेच आहे. तुम्ही डीएनएस बदललात तो आयपीव्ही ४ चा. राऊटर आयपीव्ही ६ च्या घोषणेतून स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून वेगळा वाटत असतो. फोनला दोन्ही मिळतात आणि तो बिनदिक्कत राऊटरकडे जातो. फोनच्या वाय-फायच्या तपशिलात डीएनएसच्या रांगेत कोलन असलेला लांबलचक पत्ता दिसला तर हेच झालंय. राऊटरमध्ये तो बदलता येत असेल तर तिथे लॅपटॉपचा आयपीव्ही ६ पत्ता द्या. तोही कायमचा असायला हवा, म्हणून एफडीने सुरू होणारा घरगुती पत्ता घ्या. बदलता येत नसेल तर घरातल्या बाजूची ती घोषणा बंद करून बघा.

तिसरी शक्यता फोनची स्वतःची. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. ते 'ऑटोमॅटिक' वर असेल तर चालेल, पण तिथे कोणाचं नाव भरलेलं असेल तर तो फोन तुमच्या लॅपटॉपला विचारणारच नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्येही 'सिक्युअर डीएनएस' नावाचं असंच बटण असतं. आणि हेही बघा की भाऊ मागच्या खोलीत वाय-फायची रेंज कमी पडून मोबाईल डेटावर तर जात नाही ना. मग जाहिरात येणारच.

कंपनीने दिलेल्या काही राऊटरांत डीएनएस बदलायची सोयच नसते. अशा वेळी सल्ला मिळतो की राऊटरचं डीएचसीपी बंद करा आणि पत्ते वाटायचं कामही पाय-होलला द्या. लाइट न जाणाऱ्या गावात ठीक आहे. आपल्याकडे मी ते टाळतो. लॅपटॉप पडला तर नवीन फोनला पत्तासुद्धा मिळत नाही, आणि आयपीव्ही ६ ची गळती त्याने थांबत नाहीच. त्यापेक्षा कंपनीच्या राऊटरमागे स्वतःचा एक राऊटर लावा, शक्यतो ओपन-डब्ल्यूआरटी (राऊटरवर चालणारी मोफत प्रणाली) चालणारा, आणि घर-दुकान सगळं त्याच्यामागे घ्या.

मग मनात येईल की ओपन-डब्ल्यूआरटी हेही लिनक्सच, तर जाहिराती तिथेच अडवल्या तर लॅपटॉप कशाला? बरोबर. नव्याने विचारणाऱ्याला मी आता हेच सुचवतो. त्याच्या आत डीएनएसमास्क असतंच, त्याला यादी पुरवणारं छोटं पॅकेज टाकलं की झालं. राऊटर बारा व्होल्टचा असेल तर मोबाईलएवढा मिनी यूपीएसही पुरतो, आणि राऊटर चालू तर डीएनएस चालू. मेमरी कमी असते, म्हणून यादी लहान घ्यायची आणि पाय-होलसारखे सुंदर आलेख विसरायचे. तुमचा लॅपटॉप तयार आहे, शिकायची हौस दिसतेय, म्हणून तुम्हाला तोच ठेवा म्हणतो. फक्त वीज मोजून घ्या. असा लॅपटॉप निवांत असताना १० ते १५ वॅट धरा, म्हणजे महिन्याला साधारण ७ ते ११ युनिट.

आणि तो माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंशांच्या पुढे जातं. कायम चार्जरवर असलेली बॅटरी त्या उष्णतेत फुगते. लॅपटॉपमध्ये सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा. टीएलपी नावाच्या पॅकेजने बऱ्याच मॉडेलांत ते जमतं.

पॉस मशीन

याबाबत मी घासाघीस करत नाही. ज्या यंत्रावर धंदा चालतो ते जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरखाली ठेवायचंच नाही. अनुदानाचं खत पॉसवर नोंद केल्याशिवाय विकता येत नाही, आणि जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर दुकानात रांग लागलेली असताना 'जरा थांबा, डीएनएस बघतो' म्हणायची सोय नसते.

पाय-होलमध्ये गट करून त्या मशीनला एकही यादी न लावलेल्या गटात टाकता येतं. त्याने अडवणं थांबतं, पण लॅपटॉप बंद पडला की मशीन अडणारच. म्हणून त्याला राऊटरच्या गेस्ट वाय-फायवर ठेवा, जिथे डीएनएस थेट कंपनीचा किंवा ८.८.८.८ असेल, किंवा त्यात सिम असेल तर सिमवरच चालू द्या. बिलिंगच्या कॉम्प्युटरचंही तेच करा. सगळ्या घराला अडवायचं म्हणजे कोणाला वगळायचं हे आधी ठरवायचं.

वरच्या मजल्यांवरही थोडी कुरकुर येईल. गुगलमध्ये शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरातीच्या वस्तू येतात, त्यावर बोट ठेवलं की पान उघडणार नाही. मुलांच्या गेममध्ये 'जाहिरात बघा आणि नाणी मिळवा' चालणार नाही, त्याची तक्रार सगळ्यात मोठ्या आवाजात येईल. कुरिअरची किंवा बँकेची एखादी लिंक क्लिकची मोजदाद करणाऱ्या नावावरून फिरून जात असेल तर तीही अडेल. अशा वेळी नोंदवहीत त्या मिनिटाला लाल झालेलं नाव शोधा आणि तेवढंच मोकळं करा. तुम्ही एकदम डझनभर याद्या लावल्यात, त्या काढा. पाय-होलसोबत येणारी स्टीव्हन ब्लॅकची यादी एकटी बऱ्याच घरांना पुरते. जास्त हवं असेल तर तिच्या जागी ओआयएसडी किंवा हागेझीची मधली यादी, पण एका वेळी एकच. याद्यांमधली नावं मोठ्या प्रमाणात तीच ती असतात, आणि जी वेगळी असतात तीच सहसा त्रास देतात.

एक माझं वैयक्तिक. केळीचे आणि कापसाचे भाव टाकणाऱ्या किंवा गावाकडच्या बातम्या देणाऱ्या ज्या छोट्या साइट तुम्ही रोज उघडता, त्या जाहिरातींवरच जगतात. त्यांच्यासाठी दुकानातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर जाहिराती राहू द्या. डीएनएसमध्ये 'या साइटवर दिसू दे, त्या साइटवर नको' असं करता येत नाही, कारण जाहिरातीचं नाव दोन्हीकडे तेच असतं.

घराबाहेरही जाहिराती नकोत म्हणून राऊटरमधून ५३ नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. उघडा डीएनएस सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरला जातो, छोट्या प्रश्नाला मोठं उत्तर हल्लेखोर तिसऱ्याच्याच दारात नेऊन टाकतात. बाहेरून वापरायचाच असेल तर वायरगार्ड (घरापर्यंतची खासगी वाट, म्हणजे व्हीपीएन) लावा. कंपनीने सार्वजनिक पत्ता (बाहेरून थेट पोचता येणारा) दिलेला नसेल तर टेलस्केल, तेही व्हीपीएनच.

नोंदवहीबद्दल घरात आधी बोलून घ्या. कोणाच्या फोनने किती वाजता कोणतं नाव विचारलं हे तुम्हाला दिसतं. एकत्र कुटुंबात वहिनींचा, पुतण्याचा फोनही त्यात आला. पाय-होलच्या सेटिंगमध्ये खासगीपणाची पातळी असते. पहिले काही दिवस बिघाड शोधायला सगळं दिसू द्या, मग नावं आणि यंत्रं लपवणारी पातळी लावा.

आता हात घालायचा तो या क्रमाने: बॅटरी आणि सेल, मग पक्का पत्ता, मग रिझॉल्व्ह्ड परत, पॉस आणि बिलिंग बाहेर, शेवटी आयपीव्ही ६. प्रत्येक पायरीनंतर मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता सगळं उभं राहतं का बघा. जमलं की पाय-होलमधल्या टेलिपोर्टरने सेटिंगची प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. राऊटरवर एक कागद चिकटवा: राऊटरच्या पानाचा पत्ता, डीएनएसचा रकाना कुठे आहे ते, आणि 'नेट अडलं तर इथे ८.८.८.८ भरून राऊटर बंद-चालू करा'. तुम्ही गावाला गेलात तरी भाऊ तेवढं करू शकेल. राऊटरचं मॉडेल कळवा, आयपीव्ही ६ चं पान नेमकं कुठे आहे ते सांगतो.